चालत आलेलं कोठार

मी बोलतोय आयव्हरच्या रेल्वे फाट्यावरून, पण मी आयव्हरचा नव्हे. मी सॉरेलचा.

मी धान्याचं कोठार आहे. लाकडाचं, लाल रंगाचं, आणि उंचीला असं की चर्चचा कळसही माझ्या खांद्याला लागत नाही. या सपाट मुलखात माणूस घरापासून कितीही लांब गेला तरी मान वळवली की त्याला मी दिसतो.

कोठारं चालत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. जिथं उभी राहतात तिथंच ती म्हातारी होतात. मी मात्र चाललो. शेतं तुडवली, ओढा ओलांडला आणि एका गावातून उठून दुसऱ्या गावात येऊन उभा राहिलो. ते कसं घडलं, ते सांगतो.

पहिलं महायुद्ध संपून चार-सहा वर्षं झाली होती. रेल्वेचे रूळ सॉरेलपर्यंत येऊन पोचले आणि त्यांच्यामागोमाग डोंगरांपलीकडच्या जंगलातून माझं लाकूड आलं. सुतारांनी फळ्या उभ्या केल्या नाहीत. आडव्या ठेवल्या, एकीवर एक, आणि प्रत्येक फळी खालच्या फळीला खिळ्यांनी जखडली. धान्य दिसायला शांत, पण साठलं की पाण्यासारखं भिंतींना रेटतं. म्हणून माझ्या भिंती अशा भरीव.

"यानं खाल्लेत तेवढ्या खिळ्यांत दुसरं गाव उभं राहिलं असतं," मुकादम कुरकुरायचा. पण शेवटची फळी ठोकल्यावर तो खाली उतरला, मागे सरकत सरकत पार रस्त्यापर्यंत गेला आणि टोपी काढून माझ्याकडे बघत राहिला. माझं बारसं तेच. मग एका रंगाऱ्याने माझ्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलं.

माझं काम सोपं. गव्हाची गाडी चढणीवरून माझ्या पोटात यायची, काट्यावर उभी राहायची आणि जमिनीतल्या खड्ड्यात गहू ओतायची. तिथून पट्ट्याला लावलेले डबे रहाटगाडग्यासारखे तो गहू पार माथ्यावर न्यायचे आणि तिथून तो कप्प्याकप्प्यांत पडायचा. आगगाडी आली, की नळ उघडायचा. गहू आपल्याच वजनाने खाली वाघिणींत धावायचा. वर न्यायचं आणि खाली सोडायचं, एवढंच. पण एवढ्यावर सगळं गाव जगत होतं.

मी एका धान्य कंपनीच्या मालकीचा. तिच्या वतीने गहू जोखून घेणारा माझा पहिला एजंट अँगस ट्यूलॉक. स्कॉटलंडचा माणूस, शब्दांचा कमालीचा कंजूष. कोणी नमस्कार केला तर मान हलवायचा, तीही अर्धी. त्याच्याच काळात आभाळाने पाठ फिरवली. वर्षामागून वर्षं पाऊस नाही. वाऱ्याने शेतांतली माती उचलली आणि दुपारी घराघरांत दिवे लावायची वेळ आली. शेजारी शेजाऱ्याचा निरोप घेऊन उत्तरेकडे निघून जाऊ लागले. माझ्या पोटात उंदीरसुद्धा टिकेनात.

तरी ट्यूलॉक दर शनिवारी माझे रिकामे कप्पे झाडायचा.

"काय झाडतोस रे? आत आहे काय?" एका शेतकऱ्याने विचारलं.

"पुढच्या वर्षीचा गहू यायचाय," ट्यूलॉक म्हणाला आणि झाडत राहिला.

तो गहू यायला बरीच पुढची वर्षं जावी लागली. पण आला. आणि आला तेव्हा माझा एकही कप्पा मळलेला नव्हता.

पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं. गावची तरुण पोरं लढाईवर गेली, ट्यूलॉक थकून मुलीकडे राहायला गेला आणि कंपनीला एजंट मिळेना. तेव्हा त्यांनी नाइलाजाने स्टेफानिया द्वोर्निकला घेतलं. युक्रेनहून आलेल्या घरातली ही मुलगी. जेमतेम विशी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगी. 'लढाई संपेपर्यंतच हं,' असं तिला बजावलं होतं. लढाई संपली, पोरं परतली, कंपनीचे साहेब बदलले, पण स्टेफी माझ्या दारातून हलली नाही.

तिचा पहिला आठवडा होता. टोर्वाल्ड हाउगेन हा नॉर्वेच्या वंशाचा शेतकरी गव्हाने भरलेली घोडागाडी घेऊन चढणीवर आला. आत न येताच त्याने आरोळी ठोकली, "ट्यूलॉक कुठाय?"

"गेला मुलीकडे. आता मी आहे."

"तू? तू काय करणार?"

"तुझा गहू जोखणार. घोडे आत घे, दारात खोळंबा करू नकोस. मागे रांग लागलीय."

मागे चिटपाखरू नव्हतं. पण टोर्वाल्डने वळून बघितलं आणि तेवढ्यात तिने लगाम धरून गाडी आत घेतलीसुद्धा.

तिने मूठभर गहू तळहातावर पसरला, फुंकर मारली, दोन दाणे चावले. "गहू बरा आहे. पण रानमोहरी फार."

"ती माझी नाही. शेजाऱ्याच्या शेतातून उडून आली."

"मग तिचं वजन शेजाऱ्याच्या नावावर कापू?"

त्या दिवशी जे भांडण लागलं ते तीस-पस्तीस वर्षं मिटलं नाही. दर हंगामात टोर्वाल्ड तणतणत जायचा, "पुढच्या खेपेला दुसरीकडे नेतो की नाही बघ!" आणि पुढच्या खेपेला चढणीवर पहिला तोच.

घोडे गेले, ट्रक आले. स्टेफीच्या केसांत पांढरं दिसू लागलं. माझ्या पायथ्याशी गावाची सगळी खबरबात व्हायची. कोणाची गाय व्याली, कोणाचं कोणावर मन बसलं, आणि हिवाळा आला की एकच विषय, आयव्हर. आयव्हर हे दक्षिणेला दहा-बारा मैलांवरचं गाव. बर्फावरच्या हॉकीत सॉरेलचं आणि आयव्हरचं हाडवैर. आयव्हरचा गोलरक्षक लिओ गॅनियाँ पुढे त्यांच्या गावचा पुढारी झाला, पण सॉरेलच्या लेखी तो शेवटपर्यंत 'तो लबाड गोलवाला'च राहिला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका शरदात कंपनीचा एक तरुण साहेब आला. स्टेफीने त्याला कॉफी ओतून दिली. तो म्हणाला, "बाई, रेल्वे हा फाटा बंद करतेय. रूळ काढून नेणार. रूळ नाहीत तर कोठार कशाला? आम्ही पाडून टाकू."

"पाडणार म्हणजे कसं?"

"यंत्राने ढकलायचं आणि काडी लावायची. जुनं लाकूड आहे, छान पेटतं."

स्टेफीने त्याच्यासमोरची कॉफी उचलली आणि दाराबाहेर ओतून दिली. साहेबाने अजून एक घोटही घेतला नव्हता.

मी त्या वेळी काय बोलणार? माझ्या अंगात लाकूड आणि खिळेच. पण पहिला बर्फ पडण्याआधी माणसं आली आणि त्यांनी माझ्यासमोरचे रूळ उखडले. ते मी बघितलं. जिथून इतकी वर्षं आगगाडी यायची तिथं नुसता खडीचा पट्टा उरला. स्टेफी खिडकीत उभी होती. त्या दिवशी तिने कोणाला टोमणा मारला नाही. मला तिची काळजी वाटली.

रविवारी चर्चच्या तळघरात गाव जमलं. तिथं काय झालं ते मला नंतर चढणीवरच्या गप्पांतून कळलं, इतक्या वेळा की मी तिथं हजर होतो असंच आता वाटतं. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताची पातेली मांडली होती, पण ती तशीच गार होत होती. पन्नास मैलांवरच्या शहरात सिमेंटची प्रचंड कोठारं झाली होती. आता गहू तिकडे न्यायचा, अनोळखी माणसांच्या रांगेत दिवस दिवस उभं राहायचं, असंच सगळे धरून चालले होते.

तेवढ्यात टोर्वाल्ड उठला. "आयव्हरला रूळ आहेत. त्यांचं कोठार वीज पडून जळालंय. कोठाराविना त्यांचाही फाटा दोन-चार वर्षांत जाणार. आपल्याकडे कोठार आहे आणि रूळ नाहीत. मग आपलं उचलून तिकडे नेऊ."

"आयव्हरला?" स्टेफी ताडकन उभी राहिली. "सॉरेलचं कोठार त्या लबाड गोलवाल्याच्या दारात? त्यापेक्षा मी स्वतः काडी लावीन!"



टोर्वाल्ड शांतपणे म्हणाला, "स्टेफी, तीस वर्षं तू माझ्या गव्हातली रानमोहरी वेचलीस. आज तुझ्या डोक्यात रुजलेली मला वेचू दे. आपलंही जळालं तर दोन्ही गावं जातील. मग हॉकी कोणाशी खेळणार?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. स्टेफी खाली बसली. तिने समोरचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "वाटेत बॅजर ओढा आहे. त्याचं काय करणार आहात ते बोला."

तिचा होकार तो असाच.

आयव्हरनेही होकार कळवला आणि कंपनीने मला नावापुरत्या किमतीत दोन्ही गावच्या शेतकऱ्यांना देऊन टाकलं. अट एकच, बर्फ वितळायच्या आत जागा मोकळी झाली पाहिजे. मग कॉर्नी फ्रीसन आला. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा हा साधासुधा माणूस घरं आणि गोठे उचलून दुसरीकडे नेण्याचा धंदा करायचा. माझ्याएवढं काही त्याने कधी हलवलं नव्हतं. त्याने माझ्याभोवती चक्कर मारली, भिंतीवर टिचक्या मारल्या, कान लावला.

"भिंती एकजीव आहेत," तो म्हणाला. "हा वाकायचा नाही. पडला तर अखंड पडेल."

हे कौतुक होतं की इशारा, कोणालाच कळलं नाही.

ऐन थंडीत, जमीन दगडासारखी गोठली असताना, त्यांनी माझ्या खाली लोखंडी तुळया घातल्या आणि जॅक लावले. सगळ्यांनी एकदम दांडे फिरवले. माझ्या बुडाशी कडकड आवाज झाला आणि पायाशी असलेली माझी जन्माची मिठी सुटली. मला माझं वजन त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ते जमीनच वाहत होती.

तुळयांखाली चाकांच्या रांगा बसवल्या. पुढे ट्रॅक्टर जुंपले. कॉर्नीने हात वर केला, साखळ्या ताणल्या आणि मी निघालो!

काय सांगू तो दिवस! शाळेला सुट्टी. कुत्री भुंकून भुंकून थकली. विजेच्या तारा लांब काठ्यांनी वर उचलून धरल्या जात आणि मी खालून सरके. मी इतका सावकाश चालत होतो की बायका पुढे जाऊन कॉफी उकळत, मला पाजता येत नाही म्हणून ओढणाऱ्यांना पाजत आणि पुन्हा पुढे जात. एक म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. मी समोरून गेलो तेव्हा तिने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "आता हेही बघून झालं."

असे काही दिवस चालल्यावर मी आयव्हरच्या वेशीजवळच्या बॅजर ओढ्यापाशी आलो.

ओढ्यावरचा पूल माझ्यापुढे काडेपेटी. म्हणून गावकऱ्यांनी थंडी पडल्यापासून खपून दुसरी वाट केली होती. ओढ्याच्या पात्रात रेल्वेने रुळांखालून काढून टाकलेले लाकडी स्लीपर अंथरले होते, त्यांवर पेंढा पसरला होता आणि पाणी ओतून ओतून सगळं गोठवलं होतं. पक्की सडक झाली होती. पण मी काठावर पोचलो त्याच सकाळी डोंगरांकडून उष्ण वारा सुटला. हिवाळ्याच्या मध्यात असा वारा आमच्याकडे कधीमधी येतो आणि बघता बघता बर्फाचं पाणी करतो. दुपारपर्यंत वळचणी टपकू लागल्या.

कॉर्नीने टोपी डोळ्यांवरून मागे सारली. "आत्ता ओलांडायचं, नाहीतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथंच. आणि बर्फ वितळला की हा चिखलात बसेल तो कायमचा."

"मग वाट कसली बघतोस?" स्टेफी म्हणाली.

"आत कोणीतरी लागेल. मध्यावर ओळंबा टांगलाय, खाली खडूचं वर्तुळ काढलंय. ओळंबा वर्तुळाबाहेर जायला लागला की ओरडायचं. पण बाई, हा कलंडला तर आतल्या माणसाचं..."

"मी जाते. याच्या पोटात माझं आयुष्य गेलंय. दुसऱ्या कोणाला त्याची भाषा कळणार नाही."

टोर्वाल्ड ट्रॅक्टरवरून खाली उतरला. "स्टेफी, वेडेपणा करू नकोस."

"तू ट्रॅक्टर सरळ हाक. शेतातली तुझी रेघ बघितलीय मी."

ती आत आली आणि दार लावून घेतलं.

मी उतार उतरलो. पुढची चाकं बर्फावर चढली, पाठोपाठ मधली. पायाखाली पाणी खळखळल्याचं मला ऐकू येत होतं. अर्धा ओढा ओलांडला आणि माझा मागचा कोपरा धसला. स्लीपर मोडले. मी हळूहळू एका अंगाला झुकू लागलो. पट्ट्यावरचे रिकामे डबे खडखडले. आत ओळंबा सरकला, खडूच्या रेघेला टेकला आणि पलीकडे गेला.

"थांबा!" स्टेफी ओरडली. "उजवीकडे जातोय! थांबा!"

"बाहेर या बाई!" कॉर्नी घसा फोडून सांगत होता. "आत्ताच्या आत्ता!"

"मी बाहेर आले तर आतून सांगेल कोण? ओढा! सरळ ओढा, मी सांगते!"

ट्रॅक्टर गुरगुरले, चाकं जागच्या जागी फिरली. ताकद पुरेना.

समोरच्या काठावर आयव्हरचे लोक जमले होते. सकाळपासून नुसते बघत होते. त्यांत लिओ गॅनियाँ, दोन्ही हात खिशात. त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मागे वळून खच्चून ओरडला, "बघताय काय! आणा रे ट्रॅक्टर!"

आयव्हरचे झाडून सगळे ट्रॅक्टर उतारावरून खाली आले. साखळ्यांना साखळ्या जोडल्या गेल्या. लिओ माझ्याजवळ धावत आला आणि भिंतीवर थाप मारून म्हणाला, "स्टेफी! गेल्या वर्षीचा सामना आम्हीच जिंकला होता, कबूल कर! मग ओढतो!"

"आधी ओढ, लबाडा! मग बोलू!"

दोन्ही गावांचे ट्रॅक्टर एका दमात खेचू लागले. साखळ्या तारेसारख्या ताणल्या. सॉरेलच्या बाया-बाप्यांनी पेंढ्याचे गठ्ठे आणून माझ्या धसल्या चाकांपुढे टाकले, गुडघाभर गार पाण्यात उभं राहून टाकले. आतून स्टेफीचा आवाज येत होता, "येतोय... येतोय... अजून ओढा... रेघेवर आला... आत आला! आत आला रे!"

मी सरळ झालो. मागचा कोपरा वर आला, बर्फाचा चुरा उडाला आणि मी सबंधच्या सबंध पलीकडच्या काठावर चढलो. माझ्यामागे ओढ्यातली ती वाट करकरली आणि पाण्यात बसली.

असा जल्लोष मी कधी ऐकला नव्हता. टोप्या उडाल्या. टोर्वाल्ड ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या रडत होता आणि उष्ण वाऱ्याला शिव्या देत होता. दार उघडून स्टेफी बाहेर आली, केसांत जुन्या गव्हाची धूळ. तिने लिओसमोर हात केला. "गेल्या वर्षीचा सामना तुम्ही जिंकलात," ती म्हणाली. "लबाडीने. पण जिंकलात."

संध्याकाळी मी आयव्हरच्या रुळांशेजारी नव्या पायावर टेकलो.

मग उरला नावाचा तंटा. माझ्या छातीवर सॉरेल लिहिलेलं आणि मी उभा आयव्हरला. रंगारी शिडी लावून थांबला आणि खाली दोन गावं भांडत राहिली. शेवटी लिओच म्हणाला, "पुसायचं कशाला? याला दोन बाजू आहेत ना?" म्हणून आजही उत्तरेकडून येणाऱ्याला मी सॉरेल दिसतो आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला आयव्हर. रेल्वेच्या साहेबांनी तक्रार केली. कोणी कानावर घेतली नाही.

वसंतात पहिल्या वाघिणी लागल्या. नळाची दोरी ओढायचा मान स्टेफीचा. पहिला गहू टोर्वाल्डचा होता. तिने मूठ भरून घेतला, फुंकर मारली, निरखला. 

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

टोर्वाल्डने स्वतःही मूठ भरून घेतली आणि तिच्यात रानमोहरी शोधू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच.

ती दोघंही आता नाहीत. पण त्यांची भांडणं नातवंडांना तोंडपाठ आहेत. आमचा फाटा बंद झाला नाही. पुढे रेल्वेने हात वर केले तेव्हा शेतकऱ्यांनी तोही चालवायला घेतला. भोवतालच्या मुलखातली माझी भावंडं एकेक करून गेली. मी उभा आहे, पत्र्याचं नवं छप्पर घालून, नव्या पट्ट्यांनिशी. नुसता उभा नाही, कामावर आहे. परवाच्या हंगामात माझे सगळे कप्पे काठोकाठ भरले. शेवटी तर लोकांनी जव ठेवायला चर्चचा मांडव मागून आणला.

एवढंच मागतो. तुमच्या गावात एखादी जुनी वास्तू 'आता काय कामाची' म्हणून पाडायला निघाले, तर काडी लावण्याआधी तिच्या भिंतीला एकदा कान लावा. ती एकजीव असेल, तर शेजारच्या गावाला हाक मारा. भांडलेल्या गावाला आधी मारा. ते लोक साखळ्या घेऊन येतात, मी बघितलंय.

आता रजा द्या. फाट्यावर इंजिनाची शिट्टी झाली, वाघिणी माझ्याखाली लागताहेत, त्यांची वरची झाकणं सरकताहेत. गहू सुटला की त्या गर्जनेत माझं बोलणं कोणाला ऐकू येणार नाही. आणि खरं सांगू? त्या गर्जनेइतकं चांगलं मला बोलताही येत नाही.